पुराचा सराव

"घरात आणखी कोण आहे, अम्मा?" केशरी जॅकेट घातलेल्या स्वयंसेवक मुलीनं तमिळमध्ये विचारलं.

"कोणी नाही," भवानीबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

आत पलंगावर त्यांचे यजमान होते. अर्धांगवायू झाल्यापासून व्यंकोबाराव तिथंच असत. भवानीबाईंनी ठरवून काही केलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, इतकंच.

कोपऱ्यावर महापालिकेची जीप उभी होती. लाऊडस्पीकर ओरडत होता, "कावेरीला पूर आला आहे. पाणी वस्तीत शिरतं आहे. सामान घेऊ नका, ताबडतोब घरं सोडा." सराव आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नदीत गुडघाभर पाणी होतं. लोक हसत-बोलत कल्याणमंडपाकडे, लग्नाच्या कार्यालयाकडे, निघाले.

तिथं भवानीबाईंना पंख्याखाली खुर्ची मिळाली. कोणीतरी कॉफी आणून दिली. अग्निशमन दलाच्या माणसानं रिकाम्या प्लास्टिकच्या घागरी दोरीनं बांधून तरंगायचं कसं ते दाखवलं. मग एक अधिकारी माइकवर म्हणाले, "गल्ली पूर्ण रिकामी झाली. एकही माणूस मागे राहिला नाही." टाळ्या पडल्या. भवानीबाईंनीही वाजवल्या.

त्यांना वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. हाताला काम नव्हतं. हात मांडीवर ठेवून त्या हातांकडेच बघत बसल्या. लोक उठले, खुर्च्या एकात एक रचल्या जाऊ लागल्या, तरी त्या बसूनच होत्या.

शेवटी शेजारची जयश्री जवळ आली. "मामी, झालं सगळं. मामांजवळ कोण आहे?"

"निजलेत ते," भवानीबाई म्हणाल्या आणि उठल्या.

व्यंकोबाराव जागे होते. डोळे दाराकडे लागलेले, कपाळ घामानं डबडबलेलं. वाकड्या ओठांतून शब्द सावकाश आले, घरातल्या जुन्या मराठीत.

"पाणी कुठवर आलें?"

भवानीबाई उंबऱ्यातच थांबल्या. आज सराव आहे हे सकाळी त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. लाऊडस्पीकरचा आवाज खिडकीतून आत आला असणार, शब्द न् शब्द.

"पाणी नाही हो," त्या म्हणाल्या. "सराव होता. लोकांस शिकवायला."

ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"दार लागल्याचें ऐकलों," ते म्हणाले. "तूं गेलीस, बरें वाटलें मला. परत कशास आलीस?"

भवानीबाईंनी पाठीखाली हात घालून त्यांना भिंतीकडे वळवलं, भिजलेली चादर ओढून काढली. दुसरी अंथरायची होती. ती कोरडी चादर हातात धरून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, आणि तशाच बसून राहिल्या.