बारावा बेडूकमासा

१९९५च्या पावसाळ्यात डांगच्या ओढ्यातून मी झाडबेडकांचे बारा बेडूकमासे सुरतला कॉलेजात आणले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या दातांच्या ओळी मोजल्या, चित्रं काढली आणि एकेक करून फॉर्मॅलिनच्या बाटलीत बुडवला. अकरा बाटल्या भरल्या, बारावा सापडेना. प्रयोगशाळा झाडणाऱ्या सुभद्राबाईंना मी मुलांसमोर नको ते बोललो. हे बेडूक कोणत्या जातीचे ते मात्र कळलंच नाही. त्यासाठी एक तरी जिवंत वाढवायला हवा होता.

दीड महिन्याने बाईंनी माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. आत अंगठ्याएवढा बेडूक बोटं चिकटवून वर चढत होता.

"सर, तो मीच लिंबायतला घरी नेलता. तुम्ही सगळेच औषधात घालत होते, बघवलं नाही. रोज दोनदा पाणी बदलायची मी."

बोटं पाहताच जात कळली. मी बाईंची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी त्या रिकामा डबा घेऊन आल्या. "सर, काम झालं ना तुमचं? मी माहेरी नवापूरला चालली, वाटेत ओढ्यात सोडते त्याला."



बारावी बाटली कपाटात लागली होती, आणि तिच्या लेबलवर मी कौतुकाने सुभद्राबाईंचं नाव लिहिलं होतं.