फ्रिजची किल्ली

शुगर अठ्ठेचाळीस.

तुंगाबाईंनी घामानं निथळणाऱ्या मुकुंदरावांच्या गालात मध चोळला. मधुमेह तुंगाबाईंना होता, नवऱ्याला नव्हता. तरी तपासणीत त्याच्या रक्तात इन्सुलिन भरमसाट निघालं.

"घरात कुणी इन्सुलिन टोचून घेतं?" चामराजपेटच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं.

त्या दिवसापासून फ्रिजला कुलूप लागलं. किल्ली मुकुंदरावांच्या जानव्याला.

"अहो, उघडता का? इंजेक्शनची वेळ झाली."

"किती घेतेस?"

"चौदा. बघा, मोजा."

शुगर एकेचाळीस.

पुन्हा मध. डोळे उघडताच मुकुंदराव पुटपुटले, "इन्सुलिनचं एखादं पेन लपवून ठेवलं नाहीस ना?" तुंगाबाईंनी बोटं पदराला पुसली. पुढच्या वेळी हे शुद्धीवर आलेच नाहीत, तर लोकांना काय सांगायचं?

शुगर चौऱ्याण्णव. हातात नवा रिपोर्ट.

"अगं, माझंच शरीर उलटलंय माझ्यावर! रक्तातलं काहीतरी इन्सुलिन धरून ठेवतं आणि भलत्या वेळी सोडून देतं म्हणे. स्वल्प दिवस काळजी घ्यायची, बस्स." हसत त्यांनी जानव्याची किल्ली सोडवली आणि पुढे केली. "घे, आता ही तुझ्याकडे."

तुंगाबाईंनी हात पुढे केला नाही.

"राहू द्या. काही महिने शुगर अशीच उतरेल म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई? शुद्धीवर येताना तुमचा हात आधी या किल्लीलाच शोधतो."