यल्लाचा पिरॅमिड

टर्रकन चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे सकाळपासून मुकं झालेलं घर बोललं. शर्वाणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. सात वर्षांची ईश्वरी हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने चौकोन आखत होती. शेजारी टिशूवर तिचा लव्हबर्ड, यल्ला. सकाळी पिंजऱ्यातच गेला होता बिचारा.

“बाबा, इथे खणायचं,” तिने फर्मान काढलं. “मेक्सिकोतले ते जुने माया लोक आपली माणसं घरातच पुरायचे, जमिनीखाली. टीचरने सांगितलंय.”

“अगं, सातवा मजला हा!” देवदत्त म्हणाला. “इथे खणलं तर यल्ला थेट खालच्या खतीजा आंटींच्या बिर्याणीत.”

ईश्वरी खुदकन हसली, पण चौकोनातून हलेना. “खाली वाळूत नाही. घरातच.”

शेवटी बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर तह झाला.

देवदत्तने कपाटामागून इमारतींची मॉडेलं बनवायचा फोमबोर्ड काढला. दुबईतल्या टॉवरचं काम चौदाव्या मजल्यावर थांबलं आणि नोकरी गेली, त्या दिवशी ऑफिसातलं टेबल आवरताना आणलेला. मार्चची परीक्षा झाली की पुण्याला परतायचं, हे ईश्वरीला कालच सांगितलं होतं.

पट्टी, कटर घेऊन तो असा बसला, जणू क्लायंट दारात उभा आहे. माया लोकांसारखा पिरॅमिड: नऊ टप्पे, वर इवलंसं देऊळ. कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत होता. शर्वाणी नुसती ऐकत राहिली.

“माया लोक ठेवायचे तसा तोंडात हिरवा मणी हवा. जेडचा,” ईश्वरी म्हणाली.

“जेड कुठून आणू बाई मी शारजात?” शर्वाणीने तुळशीचं पान खुडलं आणि नखाएवढा तुकडा यल्लाच्या चोचीत ठेवला. “आपल्याकडे हे देतात. हेही हिरवंच.”

ईश्वरीने जरा विचार केला. “ओके. चालेल.”

माती लोटली, वर पिरॅमिड बसवला. तिघांनी हात जोडले.

“खलास!” देवदत्तने हात झटकले. “चला, आता आइस्क्रीम.”

ईश्वरी जागची हलली नाही. मातीचे हात तिने शर्वाणीच्या कुर्त्याला पुसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“मम्मा, टीचर म्हणाली, ज्यांची माणसं ज्या घरात पुरलेली, ते घर त्यांचंच. मग आता हे आपलं झालं ना? जायचं कॅन्सल?”