मापाचा खांब
लातूर जिल्हा झाला, तरी दुष्काळ तोच राहिला. मुरुडजवळ रोजगार हमीच्या तलावात केरबा खोदायचा, बायको धुरपता माती वाहायची. मजुरी मापावर, म्हणून किती खोल खोदलं ते मोजायला खड्ड्याच्या मधोमध न खोदलेल्या मातीचा खांब राखायचा. जेवताना धुरपता डोक्यावरची चुंबळ त्यावर ठेवायची. गेल्या आठवड्यात ती वारली. उरलेला खड्डा केरबानं एकट्यानंच खोदला, तिच्याच चुंबळीवर मातीही वाहिली. कामावरच्या साहेबांनी माप घेतलं. "काका, पुढचा खड्डा जोडीलाच मिळतो. वय झालंय, घरी बसा. तेवढा खांब पाडा." केरबानं कुदळ उचलली, खाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या सायेब. घरी कोन हाय? भाकर खायला इथंच येत जाईन." "पाऊस आला की बुडेल, काका." केरबानं चुंबळ खांबावर ठेवली. सारा गाव आभाळाकडं डोळे लावून बसला होता. केरबाला पहिल्यांदाच वाटलं, पाऊस उशिरा आला तरी चालेल.