बंद न होणारा रेडिओ

१९७८ च्या हिवाळ्यात म्हाताऱ्या सुताराने गप्प बसायला साफ नकार दिला.

तसा तो जन्माचा अबोल. उभं आयुष्य तोंडात खिळे धरून काम केलेला माणूस. 'हं' आणि 'उंहूं' एवढ्यावर त्याचा संसार झाला होता. पण गेली दोन वर्षं सकाळी डोळा उघडल्यापासून त्याचं जे सुरू होई, ते दिवा मालवेपर्यंत. गावाने त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं.

"धुकं आज कुंपणापर्यंत आलंय. मांजर तुझ्या खुर्चीवर बसलंय. दूध वर आलं, अगं! पोस्टमन सायकलवरून उतरला, नवा स्वेटर घातलाय. हिरवा."

चुलीपाशी पाठमोरी बसलेली बायको विचारी, "कसला हिरवा? शेवाळी की पोपटी?"

"पोपटी."

"शोभत नसेल मेल्याला."

पोस्टमन दारातच हसायचा आणि पुढे गावभर सांगायचा.

एके काळी ती गावाचे कपडे शिवायची. मग 'आता पुरे' म्हणून तिने मशीन पुतणीला देऊन टाकली. हिवाळाभर ती एकच लांबलचक मफलर विणत बसे आणि हा शेजारी बसून बोलत राही. बोलून दमला की पटाशी घेऊन काहीतरी कोरी. मुलगा सुट्टीला आला तेव्हा डब्यांच्या लाकडी झाकणांवर त्याला खाचा दिसल्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

"हे काय बाबा?"

"हात शिवशिवतात," सुतार म्हणाला.

मुलाने ठरवून टाकलं. बाबांचं डोकं फिरलंय. त्यांना शहरातल्या दवाखान्यात ठेवायचं आणि आईला आपल्याकडे आणायचं. रविवारी एका डॉक्टर मित्राला घेऊन येतो, असा त्याने निरोप धाडला.

"नेऊन तर दाखवू दे," सुतार म्हणाला. "हे घर मी बांधलंय. चौकटीसकट उपटावं लागेल मला."

"आणि मला?" बायको म्हणाली.

"तुला कोण हात लावतंय!"

रविवारी गाडी दाराशी थांबली, तसा तो उंबऱ्यावरूनच सुरू झाला. "आला गं तुझा लेक. पांढरा शर्ट, पोट सुटलंय. सोबत एक चष्मेवाला. हातात काळी बॅग."

मुलगा शरमेने लाल झाला. "बघितलंस?" तो मित्राच्या कानात पुटपुटला.

"या, चष्मेवाले पाहुणे," आतून म्हातारी म्हणाली. "थंडीचे दारात उभे राहू नका."

डॉक्टरने सुताराचे डोळे पाहिले, कान पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "काका, साधी गोष्ट आहे. जेवण होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जमलं, तर तुम्ही ठणठणीत आहात असं मी लिहून देतो. नाही जमलं, तर आजच आमच्याबरोबर चलायचं."

सुताराने बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"जमेल त्यांना," ती म्हणाली. "मात्र मी वाढणार. कुणी मध्ये मध्ये करायचं नाही."

जेवण सुरू झालं. घरात इतकी शांतता किती दिवसांत झाली नव्हती. ती सावकाश वाढत होती. डॉक्टरपुढे वाटी ठेवताना तिचा अंगठा रश्श्यात बुडाला, तसं मुलाने तोंड वाकडं केलं. सुतार चमच्याने ताटाची कड वाजवत होता. एकदा. मग दोनदा. मग पुन्हा एकदा. त्याला थंडीतही घाम फुटला होता.

"अस्वस्थपणा आहे," डॉक्टर हळूच म्हणाला.

मुलगा मध्येच उठला आणि दाराजवळची डॉक्टरची बॅग उचलून त्याने चुलीशेजारी उबेला ठेवली. त्याच वेळी म्हातारी उकळत्या दुधाचं पातेलं उचलून वळली.

सुताराच्या हातातला चमचा खाली पडला. खुर्ची उलटी करून तो झेपावला आणि बॅगेला त्याने अशी सणसणीत लाथ घातली की ती भिंतीवर आदळली.

"आई गं!" तो पाय धरून ओरडला.

"संपलं!" मुलगा म्हणाला. "बोललात. कपडे घ्या तुमचे."

म्हातारी पातेलं हातात घेऊन होती तिथेच उभी होती. "'आई गं' म्हणजे बोलणं नव्हे. आणि बोलले असते तरी काय? या घरात माझा नवरा बोलेल. सकाळपासून रात्रीपर्यंत बोलेल. त्यांना न्यायचं तर आधी मला उचलून न्यावं लागेल, आणि मी काही हलकी नाही. जेवा आता. दूध निवतंय."

डॉक्टरला हसू आवरेना. "त्या बॅगेला लाथ घालावी असं मला रोज वाटतं," तो म्हणाला. "काका ठणठणीत आहेत."

गाडी निघाली. सुताराने दीर्घ श्वास घेतला. "वळली गं चिंचोळ्या वाटेने. मागचा दिवा फुटलाय. लेक मागे वळून बघतोय."

"हात हलवतोय का?"

"हलवतोय."

तिनेही हलवला.

डॉक्टर पुढे नामांकित झाला. बॅगेवरचा पोचा मात्र त्याने कधी काढून घेतला नाही. पोस्टमनने तो स्वेटर झिजेपर्यंत वापरला. मुलगा निवृत्त झाला आणि आता त्याचीच मुलं त्याला 'बाबा, किती बोलता' म्हणतात. सुतार आणखी चार हिवाळे बोलला आणि एका सकाळी वाक्य अर्धवट टाकून गेला.

त्या दिवशी मुलगा धावत आला. "आई, आता तरी हट्ट सोड. चल माझ्याकडे."

"नाही येणार. हे घर मला पाठ आहे."

ती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. त्याच्या कपाळावरून हात वर नेत तिने केसांतून बोटं फिरवली आणि विचारलं,

"यांचे केस सगळे पांढरे झाले का रे? सहा वर्षं झाली, मला दिसले नाहीत."