सलोनीची लिफ्ट

"सर, बोटं खाली घ्या. ती तुमच्याकडे बघतेय, बॉलकडे नाही."

विनीता हळूच बोलली, पण बाकावरच्या मुलींनाही ते ऐकू गेलं. दत्तप्रसाद सरांनी हात खाली घेतला नाही. दोन बोटं वर, म्हणजे बॉल दिव्याला. सलोनीने रेषेबाहेर उभ्या सरांकडे नजर टाकली, मान हलवली आणि दिव्यासाठी बॉल उचलला. दिव्या उंच. तिचा फटका पलीकडे वाळूत रुतला. गुण मिळाला.

कुणकेश्वरच्या वाळूवर मुलींच्या व्हॉलीबॉलचा अंतिम सामना चालला होता. उन्हं कलली होती. लाटांवरून उडणारं खारं धुकं किनाऱ्यावर पसरलं होतं आणि देवळाचं शिखर त्यात तरंगत असल्यासारखं दिसत होतं.

सलोनी कट्टा गावाच्या संघाची लिफ्टर. सतरा वर्षांची. कुणाच्या फटक्यासाठी बॉल उचलायचा ते लिफ्टरने ठरवायचं असतं. पण वर्षभर ते तिच्यासाठी दुसरेच ठरवत होते. मुख्य प्रशिक्षक दत्तप्रसाद सर म्हणत, "पोर कोवळी आहे. आपल्या मनाने खेळली आणि चुकली, तर मोडून पडेल. अजून दोन वर्षं मी सांगतो तसं खेळू दे." विनीता त्यांची सहायक, एके काळी स्वतः विद्यापीठाच्या संघाची लिफ्टर. ती म्हणे, "दोन वर्षांनी तिचे हात तयार असतील, सर. डोळे मेलेले असतील." सरावाला हे भांडण, परतीच्या टेम्पोतही हेच. सलोनी मधे बसून दोघांनाही हो म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. आजूबाजूला कुणी बोलत नसलं, की बॉल हवेत गेल्यावर तिच्यासाठी सगळं मंद व्हायचं. समुद्राचा आवाज दूर जायचा. नेटपलीकडे कुणाचा पाय कुठे वळतोय, कुठली जागा उघडी पडतेय, हे तिला नितळ पाण्याखालची वाळू दिसावी तसं दिसायचं.

शेवटच्या सेटमध्ये कट्टा मागे पडला. आता एक गुण गेला की सामना गेला. सरांनी टाइमआउट घेतला.

"दिव्याकच दी," ते सलोनीला म्हणाले. "दुसरा काय एक बघू नको."

"दिव्यासमोर दोघी उड्या मारतायत, सर," विनीता म्हणाली. "तिचं तिला बघू द्या."

"आणि हरलो तर? तिच्या मनाला लागेल ते."

"जिंकलो तर तिचं काय असणार त्यात?"

सलोनीने पाण्याची बाटली वाळूत ठेवली.

"तुमी दोघां बोलाक लागलास काय," ती म्हणाली, "माका बॉलच दिसणा नाय."

सरांनी हात पाठीमागे बांधले आणि दोघंही रेषेबाहेर गेली. शिट्टी वाजली.

पलीकडून सर्व्हिस आली. संचिताने ती अलगद वर घेतली. बॉल उंच चढला, मावळतीच्या उजेडात क्षणभर थांबला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सगळं मंद झालं. लाटा दूर गेल्या. सलोनीला दिव्यासमोर दोघीजणी गुडघे वाकवून तयार दिसल्या. तिच्या स्वतःच्या पाठीमागे त्यांच्याच संघातली सारिका एकटीच होती, आणि तिच्यासमोर नेटवर कुणीच नव्हतं.

"दिव्याक! सलोनी, दिव्याक दी!"

हाक रेषेवरून आली. पाण्याच्या तळाशी ऐकू यावी तशी. आवाज कुणाचा तेही कळलं नाही. सलोनीचे हात वर गेले आणि बॉल तिच्या डोक्यावरून मागे, मऊ कमान घेत, सारिकाकडे निघाला.

सारिका दिव्याकडे बघत होती. बॉल तिच्या खांद्यावर आपटला आणि वाळूत पडला.

पलीकडच्या मुली ओरडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सलोनी होती तिथेच गुडघ्यांवर बसली. दत्तप्रसाद सर तिच्याकडे चालत आले. ते काय बोलणार ते तिला ठाऊक होतं, म्हणून तीच आधी बोलली.

"चुकलंय मी, सर. तुमी हाक मारलास, तरी मी..."

"लिफ्ट बरोबर होती गो," सर तिच्यासमोर वाळूत बसत म्हणाले. "सारिकाक आमी वर्षभर बॉलच दिलव नाय. ती तयार कशी रवतली? आता तू बघशीत तसा खेळूया. आणि हाक मी मारूक नाय."

सलोनीने मान वर केली. सरांच्या मागे विनीता उभी होती. तिचे डोळे भरले होते.

"हाक माझी होती," विनीता म्हणाली. "ऐनवेळी मीच घाबरलंय. तू ऐकलंस नाय, बरा केलंस."