मधल्या खोलीचे तक्ते

पुंजारामने गजराच्या घड्याळाला किल्ली दिली, ते तक्त्यांच्या पेटीत ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

"आता ऐका, शेठ. आत गजर वाजतोय."

गोटीरामशेठनी पेटीला कान लावला. पंचवटीत त्यांच्या दोन चाळींचं काम चालू होतं आणि दोन्हींवर पत्राच पडणार होता.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"तेच तर! आवाज अडवतात, तसं ऊनही अडवतात. पत्र्याखाली हे तक्ते ठोका, वैशाखात घोंगडी मागाल."

"कशाचे आहेत?"

"रद्दी आणि उसाची चिपाडं. कुटून, दाबून केलेले. टाकाऊपासून टिकाऊ."

"रद्दीचं घर?" शेठ हसले. "पहिल्या पावसात लापशी होईल. आधी एखाद्या घरात लावून दाखवा. पावसाळ्यात येऊन बघतो, मग बोलू."

छापखान्यातली नोकरी सुटल्यापासून, म्हणजे शहाऐंशीच्या संक्रांतीपासून, पुंजाराम हे तक्ते विकत होता. विकत होता म्हणजे दाखवत होता. घेत कुणीच नव्हतं. घरमालक म्हणायचे, वाळवी लागेल. बांधकामवाले म्हणायचे, कागद तो कागद. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं पुटपुटत पुंजाराम पेटी उचलायचा आणि पुढचं दार गाठायचा.

त्याच आठवड्यात सिन्नरहून लेकीचं कार्ड आलं.

चांगुणा त्याची एकुलती एक. आई गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं. गेल्या वर्षी लग्न होऊन ती सिन्नरच्या कामगारांच्या चाळीत नांदायला गेली, तीही पत्र्याचीच. कार्डावर तीनच ओळी होत्या. 'बाबा, इथे सोसवत नाही. जीव गुदमरतो. तुम्हीच काहीतरी करा.' उघडं कार्ड, पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचायचं. त्यावर माणूस लिहिणार तरी किती?

पुंजारामने कार्ड दोनदा वाचलं. लेक तिकडं पत्र्याखाली भाजतेय आणि बाप गावभर गारवा विकत हिंडतोय! दुसऱ्याच दिवशी त्याने नमुन्याचे सगळे तक्ते एसटीच्या टपावर चढवले.

"कशाला एवढा खटाटोप, मामा?" जावई म्हणाला. वाल्मीक कारखान्यात रातपाळीला होता. बोलायला मऊ, नमस्काराला वाकणारा. "आम्हाला पत्र्याची सवय आहे."

पुंजारामने दोन डब्यांतला तुपाचा गोळा दाखवला. नुसत्या पत्र्याच्या डब्यात उन्हाने वितळलेला, तक्ते लावलेल्या डब्यात तसाच. वाल्मीकने जांभई दिली. मग पुंजारामने घड्याळ काढलं.

गजर वाजत असलेल्या पेटीला वाल्मीकने कान लावला. झाकण उघडलं, परत लावलं, परत ऐकलं.

"हे बाकी कामाचं आहे," तो म्हणाला. "दिवसा झोपच लागत नाही, मामा. शेजारचे उठसूट भिंत ठोकत बसतात. मधली खोली करा. नुसतं छत नको, भिंतींनाही लावा. दाराला आतून."

"राहू द्या, बाबा," चांगुणा चहा ठेवता ठेवता म्हणाली. "नका लावू."

"अगं, बापाच्या कष्टाचं काय एवढं?"

"त्यापेक्षा मला चार दिवस घरी न्या ना."

तिने एकदा दाराकडे पाहिलं. वाल्मीक तिथंच उभा होता.

"वेडी! आता इथंच माहेरचा गारवा येईल बघ," पुंजाराम म्हणाला आणि स्टुलावर चढला.

दोन दिवस तो ठोकत होता. वर्षभराच्या धंद्यात पहिल्यांदा त्याला आपला माल खरोखर कुणाच्या तरी उपयोगी पडताना दिसत होता, आणि तेही पोटच्या पोरीच्या. चांगुणा खाली उभी राहून एकेक खिळा हातात देत होती. शेवटचा खिळा तिने दिलाच नाही. मूठ मिटून ती नुसती बघत राहिली. लहानपणी चिंचोका लपवायची तशीच, असं वाटून त्याला हसू आलं. त्याने हलकेच तिची मूठ उघडली, खिळा घेतला आणि दाराच्या आतला तक्ता पक्का केला.

त्यानंतर कार्ड आलं नाही. सुखात असली की पोरी कशाला लिहितात, म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

आषाढात गोटीरामशेठ शब्दाला जागले. त्यांच्याच जीपमधून दोघं दुपारचे सिन्नरला पोचले. आठ दिवस पाऊस पडून गेला होता. घराचं दार बंद होतं. ओट्याला वाल्मीकची सायकल टेकलेली, दारात दोघांच्या चपला. पुंजारामने कडी वाजवली. हाक मारली. परत कडी वाजवली.

"रातपाळी असते. दोघं गाढ झोपलेली दिसतात," तो कौतुकाने म्हणाला.

शेठनी भिंतीला कान लावला. मग ओठ बाहेर काढून मान डोलावली.

"मानलं, पुंजाराम. एवढ्या पावसानंतरही काहीच ऐकू येत नाही. दोन्ही चाळींचं काम तुमचं."

पुंजारामचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारची सुलाबाई सूप घेऊन ओट्यावर आली. भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिने त्याला लगेच ओळखलं.

"जयभीम, भाऊ. तुमीच ना चांगुणाचे वडील?"

"हो. यांना सांगा की, माझ्या तक्त्यांचा काही गुण आला का?"

"तक्त्याचं मला नाय ठावं. पन तुमी येऊन जावयाला समजावलं, लय पुण्याचं काम केलं बगा," ती सूप खाली ठेवत म्हणाली. "आदी रोज दुपारी पोरगी किंचाळायची. आमी समदे भित ठोकायचो, तवा कुटं तो हात आवरायचा. तुमी दोन दिस राहून गेला, त्या दिसापून एक दिस आवाज नाय."